फक्का मारू नका

मामांनी डबीचं झाकण काढलं, चमचा शिगोशीग भरला, मान मागं टाकली आणि इसबगोलाचा कोरडा फक्का तोंडात मारला. वरून घोटभर पाणी. झालं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. लगेच ठसका लागला. डोळ्यांत पाणी, मानेच्या शिरा टरारलेल्या, एक हात छातीवर आणि दुसरा हवेत काहीतरी शोधतोय. आई पोळी तव्यावर तशीच टाकून धावली.

पाचेक मिनिटांनी ठसका ओसरला. मामा खुर्चीत टेकले, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "काई नाई झालं वं पोरी. भुसा चिकटला घशाले. वीस वर्साचा घेतो मी."

वीस वर्षं चुकीच्या पद्धतीनं घेतलं आणि काही झालं नाही, याचा अर्थ एवढाच की वीस वर्षं घसा साथ देत होता. मामा आता ७१ वर्षांचे आहेत. घसाही ७१ वर्षांचा आहे.

या आठवड्याचं सदर त्या एका चमच्यावर.

बायपास झालेला माणूस लग्नाच्या पंगतीत सदऱ्याची बटणं काढून टाके दाखवतो. शुगर किती निघाली हे लोक अमरावतीच्या राजकमल चौकातून पलीकडच्या फुटपाथवर ओरडून सांगतात. पण तीन दिवस पोट साफ झालं नाही, हे मेडिकलच्या काउंटरवर सांगायचं म्हटलं की आवाज बसतो. बाजूचं गिऱ्हाईक निघून जायची वाट पाहायची, मग काचेवर वाकून पुटपुटायचं, "ते... पोटाचं द्या काई." आणि "पोटाचं काई" म्हणून हातात काय पडेल ते पडेल. कधी इसबगोल, कधी सोनामुखीचं चूर्ण, कधी रात्रीची गोळी, कधी बाटलीतलं गोड औषध. ही चारही वेगवेगळी औषधं आहेत आणि पोटात सगळी सारखं काम करत नाहीत. सोनामुखी आतड्याला चिमटा काढून हलवते. बाटलीतलं औषध बहुधा पाणी आतड्यात ओढून आणतं. इसबगोल यातलं काहीही करत नाही. ते फक्त फुगतं. आपण दिलेलं पाणी धरून ठेवतं, मळ मऊ आणि भरीव करतं. पाणी दिलं नाही, तर धरायला त्याच्याकडे काही नसतं.

मामांना हे पटेना, म्हणून मी ओट्यावरच दाखवलं. स्टीलच्या वाटीत मोठा चमचाभर भुसा टाकला, त्यावर मोजून चार चमचे पाणी. तोवर आईनं चहा टाकला. चहा उकळून गाळेपर्यंत वाटीतला भुसा पांढरट, चकचकीत, खळीसारखा झाला होता. वाटी उलटी केली. पडलं नाही. हलवली, तरी पडलं नाही. चमच्यानं काढायला गेलं तर अख्खा गोळा वाटीला धरून बसलेला. मामा बराच वेळ त्या उलट्या वाटीकडे पाहत राहिले. हा गोळा वाटीत झाला. तुम्ही कोरडा फक्का मारून वर घोटभर पाणी घेता, तेव्हा तो अन्ननलिकेत होऊ शकतो.

हे काही मी घाबरवायला सांगत नाही. अमेरिकेत इसबगोलाच्या पुडीवर ठळक इशारा छापणं कायद्यानं बंधनकारक आहे: किमान एक पूर्ण पेला, म्हणजे सुमारे २४० मिलिलिटर पाणी, नाहीतर घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकेल, गिळायला त्रास असेल तर घेऊच नका. हा इशारा छापूनही माणसं गुदमरत राहिली, तेव्हा तिथल्या औषध प्रशासनानं २००७ साली दाणेदार स्वरूपातलं इसबगोलाचं रेचक चिठ्ठीशिवाय विकायच्या यादीतूनच काढून टाकलं. आणि हे इसबगोल जातं कुठून? आपल्याकडून. उत्तर गुजरातेतलं सिद्धपूर, उंझा, राजस्थानातली शेतं, मध्य प्रदेशातल्या नीमचची मंडी. जगाचं इसबगोल मुख्यतः भारत पुरवतो आणि अमेरिका त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहे. बियांचा आकार घोड्याच्या कानासारखा म्हणून फारसीत अस्प आणि घोल, त्यावरून इसबगोल. नाव घरचं झालं, डबी घरची झाली, घेण्याची रीत मात्र कुणी शिकवली नाही.

रीत अशी आहे. गिलास मोठा घ्या, पाण्यानं भरा. सुरुवातीला चहाचा एक चमचा भुसा त्यात टाका, ढवळा आणि लगेच प्या. घट्ट होईपर्यंत ठेवू नका, झाला तर आणखी पाणी घाला. त्यावर दुसरा गिलास साधं पाणी. बसून प्या, उभ्यानंही चालेल, पण आडवं होऊन नको. दोन-तीन दिवस एवढंच. पोटाला सवय झाली की डबीवर लिहिलंय त्याप्रमाणे वाढवा. पहिल्याच दिवशी दोन मोठे चमचे घेतले की पोट फुगतं, वारा धरतो, आणि मग माणूस म्हणतो, "मले इसबगोल सोसत नाई." सोसत नाही असं नाही. दमानं घेतलं नाही.

आणि झोपताना घेऊ नका.

हे वाक्य वाचून निम्मा वऱ्हाड माझ्यावर रागावेल, ठाऊक आहे. रात्री दिवे मालवायच्या आधी कोमट दुधात इसबगोल, ही आपली घराघरातली रीत. पण ब्रिटनमधले डॉक्टर जी औषधांची अधिकृत पुस्तिका हाताशी ठेवतात, तीत पाण्यानं फुगणाऱ्या औषधांबद्दल स्वच्छ सूचना आहे: झोपायला जाण्याच्या अगदी आधी देऊ नये. कारण सरळ आहे. आडवं झाल्यावर गिळलेलं खाली सरकायला वेळ लागतो, आणि रात्रभर माणूस पाणी पीत नाही. दुधाशी माझं भांडण नाही. दूधही पातळच आहे. भांडण वेळेशी आहे. संध्याकाळी पाचच्या चहाआधी घ्या किंवा रात्रीच्या जेवणाआधी तासभर घ्या, त्यानंतर हिंडा-फिरा, दोनदा पाणी प्या, मग झोपा.

आणखी एक घाई. रात्री घेतलं, सकाळी झालं नाही, की दुसऱ्या रात्री दुप्पट, तिसऱ्या रात्री त्यावर सोनामुखीचं चूर्ण. इसबगोलाचा गुण दिसायला १२ ते ७२ तास लागतात. तीन दिवस. तेवढा धीर नसेल तर ते घेऊच नका, डॉक्टरला विचारून दुसरं घ्या. आणि सात दिवस नीट घेऊनही फरक पडला नाही, तर आठव्या दिवशी मात्रा वाढवायची नसते, दवाखाना गाठायचा असतो. चूर्णांबद्दल एवढंच: डबीवर घटक बारीक अक्षरात असतात, चष्मा लावून वाचा. पुष्कळ चूर्णांत सोनामुखीसोबत काळं मीठ आणि खार असतो. बीपीच्या माणसाला मीठ बंद, आणि रोज रात्री चमचाभर खारट चूर्ण चालू, हे चित्र मी आमच्याच गल्लीत पाहते. इसबगोलातही संत्र्याच्या चवीचं, फसफसणारं घेतलं तर त्यात साखर किंवा सोडा असू शकतो. शुगरवाल्यांनी, बीपीवाल्यांनी साधा पांढरा भुसा घ्यावा.

मुळात रोज झालंच पाहिजे, हा हट्ट कुणी शिकवला? दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, एवढ्या मोठ्या पट्ट्यात निरोगी माणसं असतात. मळ मऊ आहे, कुंथावं लागत नाही, झाल्यावर मोकळं वाटतं, तर एक दिवस चुकल्यानं काही बिघडत नाही. ज्याचं आठवड्यातून तीनदाही होत नाही, खडा होतो, जोर करावा लागतो, त्याला बद्धकोष्ठ झालं म्हणतात. लग्नघरातल्या चार दिवसांनंतर, प्रवासानंतर, आजारातून उठल्यावर होतं ते अधूनमधूनचं. भुशाचा उपयोग तिथं. सकाळी एक दिवस संडासला झालं नाही म्हणून दिवसभर चेहरा पाडून बसणाऱ्या माणसाला औषध नको आहे.

आता आईचं सांगते. आईला थायरॉइड आहे. सकाळी उठल्याउठल्या रिकाम्या पोटी गोळी. कुणीतरी सांगितलं म्हणून तिनं त्याच वेळी इसबगोलही सुरू केलं, एकदाच दोन्ही उरकतं म्हणून. तीन महिन्यांनी रक्त तपासलं तर आकडा वर गेलेला. गोळीचा डोस वाढला. पुढच्या वेळी पुन्हा वर. गोळीसोबत आणखी काय घेता, हे कुणी विचारलंच नाही आणि आईनंही सांगितलं नाही, कारण इसबगोल तिच्या लेखी औषधच नव्हतं. शेवटी कळलं ते बोलता बोलता, माझ्याशी. भुसा फुगतो तेव्हा त्यात गोळीही अडकते, रक्तात पुरती जात नाही. थायरॉइडची गोळी, हृदयाची डिगॉक्सिनसारखी गोळी, रक्त पातळ करणारी काही औषधं, फिटची कार्बामाझेपिन, मानसिक आजारातलं लिथियम, या सगळ्यांची ही अडचण आहे. साधा नियम: दुसऱ्या औषधाच्या आधी-नंतर दोन तास इसबगोल नाही. थायरॉइडच्या गोळीपासून त्याहूनही लांब. गोळी सकाळी, भुसा संध्याकाळी. शुगरची औषधं किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी सुरू करण्याआधी डॉक्टरच्या कानावर घालावं, कारण इसबगोलानं जेवणानंतरची साखर कमी चढते आणि औषधाचं गणित बदलू शकतं. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनी पोट धरतं, ते वेगळं. गरोदर बायकांना उपकेंद्रातून लोहाच्या गोळ्या मिळतात, पोट धरलं की त्या गोळ्या चुलीमागच्या कोनाड्यात जातात. गोळी टाकू नका. आशाताईला सांगा, डॉक्टरला सांगा. गोळी चालू ठेवून पोटाचा उपाय करता येतो.

एवढं सगळं लिहून मला खरं जे बोलायचं आहे, ते पाण्याचं आहे.

इसबगोलाच्या डबीवर लिहितात, भरपूर पाणी प्या. लिहिणाऱ्यानं दर्यापूर पाहिलेलं नाही. मामा दर्यापूरच्या बाजूचे. पूर्णेच्या खोऱ्यातला तो सगळा पट्टा, इकडे अमरावती जिल्ह्यात दर्यापूर आणि भातकुली, तिकडे अकोल्याकडची गावं, पुढे बुलडाण्यापर्यंत, आम्ही त्याला खारपाणपट्टा म्हणतो. जमीन काळी, कसदार, आणि विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. बोअर घेतला तरी खारं. लहानपणी मामाच्या गावी गेलं की आजी पाण्याच्या माठात कैरीची फोड टाकायची, चव मारायला. आम्ही पोरं घोट-दोन घोट पिऊन गिलास ठेवून द्यायचो. मोठी माणसंही तसंच करायची, फक्त त्यांना सवय झाली होती. आयुष्यभर कमी पाणी पिण्याची सवय. आता नळयोजना आल्या, कॅनचं पाणी आलं, पण कॅनला पैसे पडतात आणि तो मोजून वापरला जातो. अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणाचं गोडं पाणी आहे, पण नळ केव्हा येईल ते दिवस मोजून पाहावं लागतं. आणि वर एप्रिल-मेचं ऊन. अकोला ४५ च्या वर जातं तेव्हा ते देशभरच्या बातम्यांत येतं, पण तिथला माणूस त्या दिवशी किती पाणी प्यायला हे कुठं येत नाही. घामावाटे पाणी निघून गेलं, शरीर कोरडं पडलं, की आतडं मळातलं उरलंसुरलं पाणीही शोषून घेतं. तिथं खडा होतो. आणि त्या खड्यावर आपण भुशाचा कोरडा फक्का मारतो.

बायकांचं तर त्याहून वाईट. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर सलग डांबरीकरण झालं, गिनीज बुकात नोंद झाली. मला त्याचा अभिमान आहे, त्या रस्त्यानं मी महिन्यातून दोनदा जाते. त्याच रस्त्यावर बाईला निर्धास्त जाता येईल असं स्वच्छतागृह शोधत मी बडनेऱ्यापासून बोरगाव मंजूपर्यंत पोट आवळून बसले आहे. माझ्या शेजारी बसलेल्या बाईनं निघायच्या आधी पाणी प्यायलं नव्हतं. तिनं मला ते सहज सांगितलं, जशी एखादी सांगते की डबा घेतला. "पानी पेलं का जा लागते, अन् जायाले जागा नाई." शाळेतली शिक्षिका, शेतात निंदायला गेलेली बाई, दुकानात दहा तास उभी राहणारी पोरगी, सगळ्यांचं हेच. पाणी प्यायचं नाही आणि आलेलं दाबायचं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानाचा सातवा अध्याय याच विषयावर आहे, न वेगान्धारणीय, म्हणजे दाबू नयेत असे वेग. शरीराचे १३ वेग त्यात मोजलेत आणि मळाचा वेग त्यातला एक. दाबत गेलं की आतड्याची हाक कमी होत जाते, हे आजचे डॉक्टरही सांगतात. ज्या मातीत गाडगेबाबा जन्मले, शेंडगाव इथून दूर नाही, जिथं वलगावजवळ पेढीच्या काठी १९५६ साली त्यांनी देह ठेवला, ज्यांच्या हातात देवाच्या मूर्तीऐवजी खराटा होता, त्या मातीत बाईनं संडास नाही म्हणून पाणी सोडावं? मला याचा संताप येतो. हजार डब्या विकून हा प्रश्न सुटत नाही. स्टँडवर स्वच्छ, पाणी असलेलं, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह बांधा, बांधलेलं उघडं ठेवा. भुशाचा अर्धा खप आपोआप कमी होईल.

जेवणाचं थोडक्यात. आयर्लंडचे शल्यचिकित्सक डेनिस बर्किट युगांडात काम करत होते. तिथल्या खेड्यांतल्या चोथ्याच्या जेवणाची आणि इंग्लंडच्या पांढऱ्या पावाची तुलना करून त्यांनी १९७० च्या दशकात जगाला तंतूंचं महत्त्व पटवलं. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद सांगते, दर १,००० कॅलरीमागे १५ ग्रॅम तंतू, म्हणजे साधारण २,००० कॅलरी खाणाऱ्याला दिवसाला ३० ग्रॅम. वऱ्हाडात जेवणाचं बोलणं निघालं की लगेच गळा काढतात, ज्वारी गेली, सोयाबीन आलं, म्हणून पोटं बिघडली. ज्वारी गेली हे खरं, आणि ती जायला रोही आणि रानडुकरंही कारण आहेत हे शेतकऱ्याला विचारा. पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात १०० ग्रॅम ज्वारीत १० ग्रॅमच्या आसपास तंतू आहेत आणि न चाळलेल्या गव्हाच्या पिठात ११ च्या वर. पोळी गुन्हेगार नाही. चाळणी गुन्हेगार आहे. पोळी पांढरी व्हावी म्हणून कोंडा चाळून गाईला टाकतो आणि मग त्याच्या कितीतरी पट भावानं दुसऱ्या रोपाचा कोंडा डबीत विकत आणतो. मैद्यात आणि पांढऱ्या तांदळात १०० ग्रॅममागे तीन ग्रॅमही नाहीत. सकाळी पाव, संध्याकाळी मैद्याची कचोरी, हे रोजचं झालं तर भुसा तरी किती पुरणार? अख्ख्या हरभऱ्यात २५ ग्रॅम आहेत. तूर अकोल्याच्या दालमिलमधून देशभर जाते, ती आपल्याच ताटात पातळ होत चालली आहे. पावसाळ्यात फुकट उगवणारी तरोट्याची भाजी उपटून फेकतो. आणि संत्री. वरूड-मोर्शीची संत्री ज्या जिल्ह्यात पिकतात तिथली माणसं रस गाळून पितात, चोथा टाकतात. फोड पापुद्र्यासकट खा, चोथा टाकू नका. एवढं केलं तर पुष्कळांना डबीची गरज पडणार नाही. सकाळी चहानंतर, न्याहारीनंतर आतडं आपणहून हलतं. तेवढी दहा मिनिटं मोबाइल बाहेर ठेवून, घाई न करता बसा. कमोडवर बसत असाल तर पायाखाली पाट घ्या.

कुणी घेऊ नये, ते ठासून लिहिते, कारण यात चूक परवडत नाही. पक्षाघातानंतर, कंपवातात, कुठल्याही कारणानं गिळताना अडकत असेल, त्यांनी इसबगोल घेऊ नये. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना घरच्या घरी देऊ नये. लहान मुलांना डॉक्टरशिवाय देऊ नये. पोट फुगलंय, दुखतंय, उलट्या होतायत, वारासुद्धा सरत नाही, अशा वेळी भुसा नको, आतडं अडलेलं असू शकतं. त्याच रात्री दवाखाना. मळासोबत रक्त दिसलं की सगळे म्हणतात मूळव्याध असेल. असेलही. पण पन्नाशीनंतर रक्त दिसलं, वजन उतरलं, किंवा वर्षानुवर्षांची सवय गेल्या काही आठवड्यांत अचानक बदलली, तर डॉक्टरनं तपासल्याशिवाय मूळव्याध म्हणू नका. आणि भुसा घेतल्यावर छातीत अडकल्यासारखं झालं, थुंकीही गिळवेना, श्वास लागला, तर वरून पाणी ओतू नका, भाकरीचा गोळा कोंबू नका. थेट अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात, अकोल्यात असाल तर सर्वोपचार रुग्णालयात, जो दवाखाना जवळ असेल तिथं.

मामांना मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेलं. ते येत नव्हते. "भुशासाठी डाक्टर कायले?" पण होळीपासून त्यांचं पोट जास्तच धरत होतं, जेवण कमी झालं होतं, पायावर सूज होती आणि ती त्यांनी धोतराखाली झाकली होती. डॉक्टरनं सूज बोटानं दाबली. खळगा पडला आणि भरायला वेळ लागला. बीपी पाहिलं, रक्त घेतलं. दोन दिवसांनी कागद आला. मूत्रपिंडाचं काम बरंच कमी झालं होतं. खारपाणपट्ट्यातल्या गावांतून किडनीच्या तक्रारी आम्ही वर्षानुवर्षं वर्तमानपत्रात वाचतो. आता तो कागद आमच्या घरात होता.

डॉक्टरनं इसबगोल बंद केलं. भरपूर पाण्याशिवाय ते घ्यायचं नाही, आणि मामांना आता भरपूर पाणी चालणार नव्हतं. पोटासाठी दुसरं, बाटलीतलं औषध दिलं. चहा, दूध, वरण धरून दिवसाचं पाणी दीड लिटर, त्याच्यावर नाही. मला वाटलं होतं मामा चिडतील. ते नुसते मान हलवत राहिले.

डबी आता आमच्याकडे आहे. आईनं तिच्यावर चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरात लिहिलंय: संध्याकाळी ५, दोन गिलास. मामांच्या एक लिटरच्या बाटलीवर मी पेनानं रेघा मारून दिल्या, सकाळ, दुपार, संध्याकाळ. स्टँडवर त्यांना दर्यापूरच्या गाडीत बसवलं. त्यांनी बाटली मांडीवर घेतली, रेघांवरून बोट फिरवलं आणि खिडकीतून म्हणाले,

"जलमभर खारं म्हून कमी पेलो, पोरी. आता गोडं भेटलं, तं मोजून प्या म्हन्ते."